पोरक्या जनावरांचे गाव

कोहमारा म्हटले, की पुण्यामुंबईकडचा माणूस आधी ‘काय?’ असे विचारतो आणि मग ‘कुठे?’ असे विचारतो. ‘गोंदियाकडे’ म्हणून सांगावे, तर त्याचा चेहरा आणखीच कोरा होतो. बापड्याचा दोष नाही. नागपूरच्या पुढेही महाराष्ट्र बराच शिल्लक उरतो, हे आम्हां पश्चिमेकडच्या लोकांना भूगोलाच्या पेपरपुरतेच ठाऊक असते. वास्तविक कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून थेट गोंदियाला जाते. रात्री पुण्यात बिछाना पसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गोंदियाच्या फलाटावर उतरतो, आणि एवढ्या साऱ्या वेळात त्याने महाराष्ट्राची वेस म्हणून ओलांडलेली नसते!

गोंदियाहून दक्षिणेकडे निघाले, की रानातून जाणारा रस्ता ज्या मोठ्या रस्त्याला येऊन मिळतो, तिथे कोहमारा आहे. हा मोठा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आताचा ५३. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत धावणारा. त्यामुळे गाव लहान असले, तरी त्याला रात्र अशी नाहीच. दोन वाजता उठून पाहिले, तरी चौफुलीवर कुणीतरी मालमोटारवाला चहाचा पेला हाती घेऊन आळस देत उभा असतो. माझ्या थोरल्या बहिणीला या गावी दिल्याला पंचवीस वर्षे झाली. भाऊजी शाळामास्तर. दर भाऊबिजेला ‘यंदा येतोस ना?’ असे ताई विचारायची आणि दर वर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे करून मी सुटका करून घ्यायचो. गेल्या वर्षी मात्र सौभाग्यवतींनीच परस्पर तिकिटे काढली आणि चिरंजीव, धाकटी व आम्ही उभयतां असा चौघांचा तांडा कोहमाऱ्यात दाखल झाला.

दिवाळीनंतरचे हे दिवस त्या मुलखात मोठ्या मौजेचे. हलके धान कापून झालेले असते, भारी धान बांध्यांतून पिवळे होऊन डुलत असते, आणि भाऊबिजेपासून गावोगाव मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे जत्राही नव्हे आणि बाजारही नव्हे. लेकीजावयांना बोलावण्याचे, सोयरिकी जुळवण्याचे आणि रात्रभर दंडार नाहीतर नाटक पाहण्याचे ते एक सार्वजनिक निमित्त असते. या भागाला झाडीपट्टी म्हणतात. इथली रंगभूमी पुण्यामुंबईच्या मदतीवाचून चालते. किंबहुना आमच्याकडे नाट्यगृहे ओस पडल्याची रड चाललेली असते, तेव्हा इकडे थंडीत घोंगड्या पांघरून लोक पहाटेपर्यंत बसलेले असतात. पण हा निराळ्याच लेखाचा विषय आहे.

सांगायचे ते वेगळेच. कोहमाऱ्याच्या उत्तरेला नागझिऱ्याचे रान आणि दक्षिणेला नवेगावबांधचे. २०१३ मध्ये ही दोन्ही जोडून एक व्याघ्रप्रकल्प झाला. कागदावर जोडणे सोपे. मधून जाणारे रस्ते जागच्या जागीच आहेत. जनावरांना एका रानातून दुसऱ्यात जायचे, तर मालमोटारींच्या या नदीतून पोहून जावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीपाशी एका मोटारीने वाघाला धडक दिली. उपचारासाठी नागपूरला नेत असता तो वाटेतच गेला. वाघाचे मरण वर्तमानपत्रात येते तरी. चितळ, रानमांजर, वानर यांच्या मरणाची दाद कोण घेणार?

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा टॉवेलात काहीतरी गुंडाळून घरी घेऊन आला. वानराचे पोर होते. इथे एक मास्तरकी खुलासा करतो. आपण शहरी माणसे सगळ्यांनाच माकड म्हणतो. पण तांबड्या तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. वानराचे पोर जन्मते तेव्हा काळसर असते. काही महिन्यांत त्याचा राखी रंग होतो. हे राखी झालेले होते, म्हणजे चारसहा महिन्यांचे असावे. आई महामार्गावर मरून पडली होती आणि हे तिच्या शेपटीला धरून बसले होते. पोरांनी त्याला क्षणात आपलेसे केले. धाकटीने त्याचे नाव ठेवून पुण्याला न्यायचा बेतही पक्का केला. ताईने वाटीत दूध आणले.

भाऊजी तेवढे गप्प उभे होते. “हे घरात ठेवता येत नाही,” ते म्हणाले, “कायद्याने गुन्हा आहे.” मग त्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला. तासाभरात एक वनरक्षक फटफटीवरून आला. तरुण पोरगा. मला वाटले, आता पिंजरा काढील. त्याने पोराला उलटसुलट करून जखम नाही ना ते पाहिले, एक टोपले मागून घेतले आणि म्हणाला, “आधी त्याच्या लोकायले देऊन पाहू ना जी.”

‘त्याचे लोक’ महामार्गाच्या कडेला मोहाच्या झाडावर बसले होते. टोपले झाडाखाली ठेवून आम्ही दूर एका बांधावर जाऊन बसलो. वानरांच्या कळपात पोर एकट्या आईचे नसते. मावश्या, आत्या, शेजारणी, सगळ्या त्याला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवीत असतात. नव्या पोरासाठी त्यांची ओढाताणही चालते. वनरक्षकाची सारी भिस्त यावरच होती. पहिला तास काहीच घडले नाही. टोपल्यातून चिरका आवाज येत होता आणि वरून कुणी खाली पाहतही नव्हते. मग एक मादी बुंध्यावरून अर्ध्यापर्यंत उतरली, पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली, आणि पाहता पाहता खाली येऊन, पोर पोटाशी धरून, तीन झेपांत शेंड्यावर दिसेनाशी झाली. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. वनरक्षकाने टोपले ताईला परत केले. “जगन का जी?” असे भाच्याने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पाला खायले लागला असन, तर जगन.” आणि फटफटीला लाथ मारून गेला.

धाकटीचे मात्र समाधान झाले नव्हते. तिचा प्रश्न रात्री जेवताना आला. “बाबा, ती मावशी खाली आलीच नसती, तर?”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. फक्त ते कोहमाऱ्यापासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर होते. गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, भामरागडच्या अलीकडे, हेमलकसा म्हणून ठिकाण आहे. तिथे आई मेलेल्या जनावरांचे पन्नास वर्षे चाललेले एक बिऱ्हाड आहे. प्राणिसंग्रहालय म्हणावे तर लहानसेच, पण महाराष्ट्रात त्याच्यासारखे दुसरे मला माहीत नाही. भाऊजींनी ओळखीच्या माणसाची जीप ठरवली, तिकडे आधी कळवून ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

वाटेचे वर्णन लांबवीत नाही. नवेगावबांधचा तलाव उजाडता उजाडता लागला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच रानात राहिले आणि इथल्या पाखरांनी व जनावरांनी मराठी भाषेत पुष्कळ नवे शब्द आणून सोडले. १८ जून २०२५ ला ते गेले. त्या प्रवासात ते हयात होते, आणि तलावाच्या काठी त्यांचे नाव निघाल्यावाचून राहिले नाही. पुढे अर्जुनी-मोरगाव, मग वडसा, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची पेठ. भिंती भिंतींवर नाटकांच्या जाहिराती. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करीत आलापल्लीला पोचेतो दुपार कलली. इथून पुढे सागवान. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेले, ही गोष्ट आमच्या जीपवाल्याने इतक्या अभिमानाने सांगितली, की जणू ते त्यानेच लावले होते. पेरमिली मागे पडली आणि दोन्ही बाजूंचे रान रस्त्यावर ओणवे झाले. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली, की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. आम्ही कार्तिकात गेलो होतो, म्हणून सुखरूप पोचलो.

हेमलकशाची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल, सिनेमातही पाहिली असेल. तरी घरातल्या लहानांसाठी थोडक्यात सांगतो. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये इथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी हे नवे लग्न झालेले डॉक्टर जोडपे इथे येऊन राहिले. वीज नाही, रस्ता नाही, भाषा ठाऊक नाही, आणि रोगी जवळ येत नाहीत. हळूहळू यायला लागले. दवाखाना उभा राहिला, १९७६ मध्ये निवासी शाळा निघाली. २००८ मध्ये या पतिपत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते माणसांच्या सेवेबद्दल. जनावरांची गोष्ट मात्र केवळ योगायोगाने सुरू झाली.

रानातून जाताना डॉक्टरांना शिकारीहून परतणारे काही माडिया भेटले. त्यांच्या काठीला मेलेली माकडीण बांधलेली होती आणि तिचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईच्या स्तनाला तोंड लावून लोंबत होते. त्याचे काय करणार, असे डॉक्टरांनी विचारले. खाणार, असे उत्तर मिळाले. यात क्रूरपणा काही नव्हता. पोटात भूक होती आणि हाती शिकार होती, एवढाच व्यवहार. डॉक्टरांनीही व्यवहारच केला. तांदूळ देऊन पिल्लू मागून घेतले. त्याचे नाव बबली. मग हे लोकांना कळले. पिल्लू जिवंत नेऊन दिले, की डॉक्टर धान्य देतात, कपडा देतात. बिबट्याची पिल्ले आली, अस्वलाची आली, हरणांची, साळिंदरांची आली. एका घरात माणसांची मुले आणि बिबट्याची मुले एकत्र वाढली. डॉक्टरांच्या पोरांबरोबर बिबट्याचे पिल्लू पहुडलेले आहे, अशी छायाचित्रे तुम्ही पाहिलीच असतील. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हे पुस्तक याच संसारावरचे आहे.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे भूतदया सांगणारे पुष्कळ झाले. पण ज्याच्या घरी आज चूल पेटण्याची भ्रांत, त्याला ‘शिकार करू नकोस’ म्हणून सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? इथे उपदेशाच्या आधी तांदूळ दिले गेले. शेती शिकवली गेली, भाजीपाला आला, तसतशी शिकारही कमी झाली. नुसत्या व्याख्यानाने एक ससासुद्धा वाचला नसता, हे व्याख्यानावरच पोट भरणाऱ्या माणसाने सांगितले तर चालावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कार्यकर्त्याबरोबर आम्ही बिऱ्हाडकरूंच्या भेटीला निघालो. पहिला मान माकडांचा. गाडीचे जुने टायर टांगून त्यांना झोका करून दिला होता, आणि त्यावर बसण्यावरून जे राजकारण चालले होते, ते पाहून मला आमच्या महाविद्यालयातल्या विभागप्रमुखपदाची आठवण झाली. झोक्यावर बसलेल्याला खाली ओढायचे, आपण चढायचे, आणि चढता क्षणीच आपल्याला झोक्यात काही रस नाही अशा थाटात दुसरीकडे पाहायचे. एक पोरगेलासा गडी पाण्याच्या टाकीत उडी मारी, बाहेर येऊन एखाद्या वयस्क माकडिणीच्या अंगाजवळ झटके देऊन पाणी उडवी, आणि तिने हात उगारला रे उगारला, की पुन्हा टाकीत. असे किती वेळा व्हावे? मी अकरापर्यंत मोजले. शेवटी त्या बाईने त्याला पकडले. आता चांगला बदडणार, असे आम्हांला वाटले. तर तिने त्याला मांडीवर आडवा घातला आणि त्याच्या डोक्यातल्या उवा पाहायला बसली. सौभाग्यवती चिरंजीवांकडे पाहून म्हणाल्या, “बघ.” कशासाठी ‘बघ’ म्हणाल्या, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मोराने निराशा केली. पावसाळा संपला, की त्याचा पिसारा झडतो, आणि मग हा शारदेचा वाहनधारी एखाद्या कर्ज झालेल्या जहागीरदारासारखा दिसतो. मान तेवढी ताठ. चितळांच्या कुंपणापाशी मी टिपणवही हातात धरून उभा होतो, तर एका पाडसाने तिचा कोपरा कुरतडून चघळायला सुरुवात केली. माझ्या लेखनावर इतक्या आवडीने कुणी तुटून पडल्याचे मला स्मरत नाही. कार्यकर्त्याने घाईने वही ओढून घेतली. कागद त्याच्या पोटाला चांगला नाही, असे तो म्हणाला.

साळिंदर दिवसा झोपाळू असते. पण चिरंजीव जवळ जाताच त्याने पाठ फिरवली आणि सगळे काटे उभारून शेपटीचा खुळखुळा वाजवला. साळिंदर काटे बाणासारखे फेकते, अशी आपल्याकडे समजूत आहे, तसे नाही. ते पाठमोरे होऊन अंगावर धावते, आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. शेपटीच्या टोकाचे काटे पोकळ असतात, त्यांचाच तो आवाज. तरसाबद्दलही असाच एक गैरसमज. खदाखदा हसणारा तरस आफ्रिकेतला. आपला पट्टेवाला तरस बहुधा मुकाच. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे सदैव चढ चढत असल्यासारखा दिसतो. रूप असे, की त्याच्यावर कुणी कविता करणार नाही. पण कार्यकर्त्याने हाक मारताच तो जाळीला अंग घाशीत उभा राहिला आणि मान वर करून खाजवण्याची वाट पाहू लागला, तेव्हा धाकटी म्हणाली, “हा तर आपल्या सोसायटीतल्या कुत्र्यासारखाच आहे.” मगर मात्र जबडा उघडा टाकून तशीच पडली होती. अंगातली उष्णता सांभाळायला ती असे करते म्हणतात. अर्ध्या तासाने परत आलो, तरी जबडा तेवढाच उघडा. सभेत असे तोंड उघडे ठेवून झोपलेले सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. पण त्यांच्यापुढे उभे राहताना भीती वाटत नाही.

अस्वलाने आमचा सगळ्यांत अधिक वेळ घेतला. आपल्या रानातल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. ही निसर्गाची चूक नव्हे, सोय आहे. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुंकणीसारखी ओढून घेते. इथे वाळवी नव्हती, केळी होती. पण सवय जाते कुठे? केळे पंज्यात धरून, ओठ पुढे काढून, ते असे काही फुर्रकन ओढी, की शेजारच्या खोलीत कुणी बशीतून चहा पीत आहे असे वाटावे. खाणे झाल्यावर स्वारी भिंतीला टेकून बसली, एक पंजा तोंडात घातला आणि गुणगुणू लागली. खरोखर गुणगुणणे! खोल, एकसुरी, तंबोऱ्याच्या खर्जासारखे. मी हौसेने विचारले, “आनंदात आहे वाटते?” कार्यकर्ता म्हणाला, “लहानपणापासून करते. आईचे दूध तुटले, की पुष्कळ पिल्ले असा पंजा चोखतात. काहींची सवय मग मोठेपणीही जात नाही.”

एवढा वेळ आम्ही हसत होतो. धाकटीने हसणे थांबवले आणि अस्वलाच्या पुढ्यात मांडी घालून बसली. तिला उठवायला बराच वेळ लागला.

बिबटे शेवटी. एक जण फळीवर पाय लोंबते सोडून झोपला होता आणि दुसरा त्याच्या हलणाऱ्या शेपटीची शिकार करीत होता. पोट जमिनीला लावून यायचे, नेमके शेपटीपाशी आल्यावर उगीच भिंतीकडे पाहायचे, आणि मग झडप. वरच्याने न उठताच एक थप्पड दिली. खालच्याने चार पाय वर करून लोळण घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून डाव मांडला. कार्यकर्ता पुढे होताच तो जाळीपाशी आला, गाल घासू लागला, करवत चालल्यासारखा घशातून आवाज काढू लागला. आम्हां मोठ्या माणसांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. पण धाकटी माझ्या मागून पुढे आली, आणि त्या क्षणी आवाज थांबला. कान पुढे झाले, खांदे खाली गेले, डोळे तिच्यावर खिळले. ती डावीकडे गेली, की डोळे डावीकडे; उजवीकडे गेली, की उजवीकडे. खेळ तोच होता, मघाचा शेपटीचा. फक्त या वेळी तो उगीच भिंतीकडे पाहत नव्हता. मी तिचा हात धरला. कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, “लहान मुलांकडे ते असेच पाहतात. म्हणून पोरांना जाळीपासून लांब ठेवतो.”

“मग यांना रानात का सोडत नाही?” चिरंजीवांनी विचारले.

उत्तर त्या डोळ्यांतच होते, तरी त्याने समजावून सांगितले. शिकार कशी करावी, हे बिबट्याला त्याची आई दोन वर्षे बरोबर हिंडवून शिकवते. माणसाने ते शिकवता येत नाही. माणूस शिकवतो ते एकच, की माणसाला भिऊ नये. असा बिबट्या रानात सोडला, तर भूक लागल्यावर तो सरळ गावात येईल, कारण जेवण माणसापाशी मिळते एवढेच त्याला माहीत. आणि गावात आला, की एक तर गावातले कुणी मरेल, नाहीतर तो मरेल. माया केली, म्हणून जगला. आणि माया केली, म्हणून रान तुटले. कोहमाऱ्याचा तो वनरक्षक टोपले घेऊन झाडाखाली का गेला, पिंजरा घेऊन का आला नाही, ते मला इथे, बिबट्यासमोर उभा असताना कळले.

जाळीच्या आकाराबद्दल एक शब्द लिहिणे भाग आहे. पिंजरे मोठे नाहीत. ज्याचा मुलूख कोसांनी मोजायचा, त्याला पावलांनी मोजलेली जागा, हे पाहून मन प्रसन्न होत नाही, आणि होऊही नये. एके काळी डॉक्टर बिबट्यांना साखळीने घेऊन सकाळी नदीवर फिरायला नेत. प्राणिसंग्रहालयांसाठी केंद्रीय प्राधिकरण आले ते १९९२ मध्ये. आज जनावर हाताळण्याविषयी कडक नियम आहेत. वन्य जिवांशी सलगी करून दाखवू नये, लोकांना तो मोह पडतो, असे नियम करणाऱ्यांचे म्हणणे. आणि धाकटीने वानराच्या पोराला पुण्याची हवा दाखवण्याचा जो बेत केला होता, तो आठवता ते मला पटते. पण ज्या माणसाने मेलेल्या आईच्या अंगावरून पोर सोडवून घेतले, त्याचा हात त्या पोराच्या पाठीवरून फिरू नये, हे लिहिणाऱ्याची लेखणी जरा अडखळली असती, तर बरे वाटले असते. दोन्ही म्हणणी मला एकाच वेळी खरी वाटतात. पुण्याच्या चर्चासत्रात असे म्हणण्याची सोय नसते.

गंमत अशी, की हे सगळे चालले असता शाळेची पोरे शेजारून ये-जा करीत होती. माडिया मुलेमुली, हातात ताटल्या, जेवणाची वेळ. बिबट्याच्या पिंजऱ्यावरून जाताना एकानेही मान वळवली नाही. उलट, नाकाला रुमाल लावून छायाचित्रे काढणाऱ्या पुण्याच्या एका मंडळीकडे ती टक लावून पाहत होती. (ती मंडळी आमची नव्हे; दुसरी एक मोटार आली होती.) एक लहान मुलगी आमच्या धाकटीपाशी थांबली. दोघींनी एकमेकींना न्याहाळले. भाषा एकीची दुसरीला कळेना. मग त्या मुलीने तोंडात पंजा घालून अस्वलाची हुबेहूब गुणगुण काढून दाखवली, आणि आमच्या बाईसाहेबांनी लगेच शेपटीवर झडप घालणारा बिबट्या करून दाखवला. तासाभराने दोघी माकडांच्या टाकीपाशी बसलेल्या सापडल्या.

संध्याकाळी लवकर अंधारून आले. दिवे लागायचे होते. आम्ही अंगणात बसलो होतो, तोच कोल्ह्यांच्या पिंजऱ्यातून एकाने सूर लावला. दुसऱ्याने उचलला, तिसऱ्याने ताणला, आणि मग सगळ्यांनी मिळून असा काही गदारोळ केला, की बोलणे ऐकू येईना. जितक्या एकाएकी सुरू झाले, तितक्याच एकाएकी थांबले. क्षणभर काहीच नाही. आणि मग नदीपलीकडच्या रानातून, फार दुरून, तसाच सूर आला.

पिंजऱ्यातले गप्प राहून ऐकत होते.

“ते कोण?” धाकटीने विचारले.

“बाहेरचे कोल्हे,” कार्यकर्ता म्हणाला.

“रोज ओरडतात?”

“रोज.”

“आणि हे रोज त्यांना उत्तर देतात?”

“कधी हे आधी ओरडतात, कधी ते.” त्याने घड्याळ पाहिले आणि तो उठला. जेवणाची घंटा झाली होती, आणि आमच्या आधी तरसाला वाढायचे होते.